नातवाची उपकारस्तुती

आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा असला की त्या रविवारचं पाणी मी घरून नेते. स्टीलच्या थर्मासमध्ये, कोमट. गेली एकोणीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे. कुणी सोपवलेलं नाही. एका जानेवारीत नळाचं गार पाणी डोक्यावर पडल्याबरोबर दोन महिन्यांचं एक लेकरू असं दचकलं की श्वास धरून निळं पडायला लागलं, तेव्हापासून मी ते अंगावर घेतलं. नगरची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना जास्त सांगायला नको. शनिवारी संध्याकाळी जाऊन बाप्तिस्म्याच्या कुंडावरचं पितळी भांडं चिंच लावून घासायचं, दगडी कुंड ओल्या फडक्यानं पुसायचं आणि रविवारी भक्ती सुरू व्हायच्या आधी थर्मासमधलं पाणी ओतून त्यात कोपर बुडवून बघायचं. बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. चौतीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीचशी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, त्यामुळे कोपराला बरोबर कळतं.

म्हणून नोव्हेंबरात मुलगा आणि सून माझ्यासमोर येऊन बसले आणि मुलगा म्हणाला, "मम्मी, बाळाचा बाप्तिस्मा आत्ता नको, आपण उपकारस्तुती करू, पाणी न लावता मंडळीपुढे देवाचे उपकार मानू," तेव्हा मला आधी तो थर्मासच आठवला. गावभरच्या लेकरांसाठी पाणी नेलं, आणि माझ्या नातवासाठी न्यायचं नाही?

दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सून चहा घेऊन आली. "मम्मी, रागावू नका. मी पंधरा वर्षांची होते तेव्हा स्वतःच्या तोंडानं होय म्हणाले होते. तो दिवस माझ्याजवळ आहे. त्याच्याजवळही त्याचा दिवस असावा, एवढंच वाटतं." माझ्याजवळ तसा दिवस नाही. मी दीड महिन्याची होते. तारीख तेवढी रजिस्टरात आहे.

सून डहाणूची. त्या बाजूला अमेरिकेतून आलेल्या ब्रदरन मिशनचं काम जुनं, आणि ब्रदरन लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. मूल समजतं झालं, आपणहून मागायला लागलं, की मग पाण्यात उतरायचं. तेही कसं, तर पाण्यात गुडघे टेकून बसायचं आणि पाळकानं तीनदा पुढे वाकवून बुडवायचं. पित्याच्या नावानं एकदा, पुत्राच्या नावानं एकदा, पवित्र आत्म्याच्या नावानं एकदा. लग्नाच्या बोलणीत विहीणबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, पुढे का, मागे का नाही? त्या म्हणाल्या, "प्रभूनं वधस्तंभावर मान पुढे टाकून प्राण सोडला ना, म्हणून." तेव्हा ऐकून घेतलं. मनात खोल उतरलं ते आत्ता.

आमचं नगरचं घराणं अमेरिकन मराठी मिशनचं. 1831 पासून इथं ते काम आहे. आमच्याकडे तान्ह्या बाळाला आईबापांच्या विश्वासावर बाप्तिस्मा देतात, डोक्यावर तीन ओंजळी पाणी, आणि मूल मोठं झालं की दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा. आता या दोन घरांचं एका चर्चमध्ये जमतं कसं? 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा मंडळ्या, म्हणजे सहा चर्चसंस्था, एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्या सहांत अँग्लिकन होते, आमच्यासारखे काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन होते, तसेच बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. बाळाला पाणी लावणारे आणि न लावणारे एका छपराखाली आले. कुणी कुणाला खोटं ठरवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. तान्ह्याचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य. ज्या आईबापांना थांबायचं आहे त्यांनी बाळाला मंडळीपुढे आणून देवाचे उपकार मानायचे, पाळक बाळाला आशीर्वाद देतील, आणि बाप्तिस्मा मुलानं पुढे आपणहून मागायचा. हे सगळं मला माहीत होतं. चर्चच्या पंचांच्या बैठकीत मीच कुणाकुणाला समजावूनही सांगितलेलं आहे. आपल्या घरात आलं की वेगळं होतं.

त्यात ते झबलं. माझ्या सासूबाईंनी 1961 साली यांच्या बाप्तिस्म्यासाठी स्वतःच्या मलमलीच्या पातळातून शिवलेलं. गळ्याशी शिंपल्याची तीन बटणं, त्यातलं मधलं आता बदललेलं. छातीवर बारीक चुण्या, इतक्या बारीक की इस्त्रीचं टोक त्यात जात नाही. ओलं असतानाच बोटांनी बसवाव्या लागतात. रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, नीळ अगदी नावाला, सावलीत वाळवायचं. आणि आतून, घेराच्या दुमडीवर, पांढऱ्या दोऱ्यानं प्रत्येक मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि बाप्तिस्म्याचं साल. चौदा अक्षरं आहेत. पहिली सासूबाईंच्या हातची, टपोरी. नंतरची माझी. पांढऱ्यावर पांढरं, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत, दुमडीवरून बोट फिरवलं की लागतात. सुनेला सहावा महिना लागला तेव्हापासून ते पेटीतून काढून मी वर ठेवलं होतं.

पण मला इतकं का लागलं, हे त्या झबल्यावरून कळणार नाही. त्यासाठी एका रात्रीबद्दल लिहावं लागेल. मी हे आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

मी रात्रपाळीला होते. राहुरीकडचं एक ख्रिस्ती जोडपं, पहिलटकरीण, सातव्या महिन्यातच मोकळी झालेली. बाळ नऊशे ग्रॅमचं. तेव्हा आमच्याकडे आजच्यासारखी मशिनं नव्हती आणि त्या बाळाला दुसरीकडे हलवण्याइतका वेळ नव्हता. डॉक्टरांनी बापाला बाजूला घेऊन सांगितलं. तीनच्या सुमारास ती आई मला म्हणाली, "सिस्टर, पाळकसाहेबांना बोलवा, याला बाप्तिस्मा द्यायचाय." पाळकसाहेब त्या दिवशी खेड्यावर गेलेले, येणं शक्य नव्हतं. जीव धोक्यात असेल तर कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, हे मला आजीकडून ठाऊक होतं. इंजेक्शनसाठीच्या डिस्टिल्ड वॉटरची दहा एमएलची अँप्यूल फोडली. पाणी तळहातावर घेतलं आणि मूठ अर्धवट मिटून तसंच धरून ठेवलं, हाताची ऊब त्याला लागावी म्हणून. विचारलं, नाव काय? त्यांनी ठरवलंच नव्हतं. बापानं आपल्या वडलांचं नाव सांगितलं. बाळाचं डोकं मोसंबीएवढं, त्यावर ती जावळासारखी काळी लव. मी बोटांच्या टोकांनी तीनदा पाणी लावलं आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. आई "आमेन" म्हणाली ते मात्र वॉर्डात ऐकू गेलं.

सव्वापाचला ते गेलं. पुढल्या रविवारी पाळकसाहेबांनी रजिस्टरात नोंद केली आणि बाप्तिस्मा देणाराच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. सगळ्या रजिस्टरात त्या रकान्यात पाळक नसलेलं ते एकच नाव आहे.

म्हणून पाणी माझ्यासाठी नुसती रीत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. मुलीनं त्यांना सांगितलं असणार. त्या घाईघाईनं बोलत नाहीत. आधी थंडी, मग चिकूचा बहर, मग गुडघे. शेवटी मीच विषय काढला आणि का कोण जाणे, ती रात्र त्यांना सांगून टाकली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, एक विचारू? तुम्ही त्या रात्री पाणी लावलं नसतं तर ते लेकरू देवाकडे गेलं नसतं का?"

"गेलं असतं," मी म्हणाले. विचार करावाच लागला नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातांतून गेलेली लेकरं हिंदूंची होती, मुसलमानांची होती, आपली होती. त्यांतलं एकही देवाच्या हाताबाहेर गेलं असं मला कधी वाटलेलं नाही.

"मग लावलं कशाला?"

"आईनं मागितलं म्हणून. त्याला नाव घेऊन देवाच्या हातात द्यायचं होतं तिला."

"तेच तर करायचंय आपल्याला," त्या म्हणाल्या. "फक्त याला वेळ आहे, ताई. देवानं याला वेळ दिलाय. त्याचेच उपकार मानूया."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी होते.

तरी मी सहजासहजी मान तुकवणारी नाही. पाळकसाहेबांकडे गेले आणि पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा अडीच वर्षांच्या मनोरमेलाही त्याच दिवशी दिला. एवढी शास्त्र वाचलेली बाई, स्वतः शंभर प्रश्न विचारून मग पाण्यापाशी गेलेली, आणि लेकीला मात्र बरोबरच घेऊन गेली, तिच्या मोठं होण्याची वाट बघितली नाही. पाळकसाहेब म्हणाले, "खरंय. पण सिस्टर, तुम्ही नगरच्या. तुम्ही टिळकांना कसं विसरता?" नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 साली. मधली पाच वर्षं त्या घरावरून काय वादळं गेली ते मराठी माणसाला सांगायला नको. पण त्या पाण्यापाशी गेल्या ते स्वतःच्या पायांनी, नवऱ्याच्या मागून फरफटत नव्हे. आणि 1917 मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसणार होते. पाणी लागलेलं नाही म्हणून त्यांनी कुणाला दाराबाहेर ठेवलं नाही.

मी गप्प झाले. पाळकसाहेबांनी उपासनेचं पुस्तक काढून उपकारस्तुतीचा क्रम दाखवला, मी तो घरी आणून दोनदा वाचला. त्यात बाळाच्या वतीनं वचन द्यायचं नसतं. बाप्तिस्म्यात आपण बाळासाठी बोलतो, सैतानाचा त्याग करतो, विश्वास कबूल करतो, आणि बाळ झोपलेलं असतं. उपकारस्तुतीत आईबाप फक्त स्वतःचं बोलतात: हे मूल तू दिलंस, आम्ही तुझे उपकार मानतो, तुझ्या वाटेनं वाढवायला आम्हाला मदत कर.

आता थोडं कडू बोलते. पंचांत बसून मी जे बघितलंय त्यावरून बोलते. आजकाल अनेक घरांत बाप्तिस्मा म्हणजे बारसं झालंय. आधी हॉलची तारीख मिळते, मग पाळकांना फोन जातो. तयारीच्या वर्गाला आई येते, बाप येत नाही. धर्मपिता म्हणून कुणाला उभं करायचं ते सकाळी ठरतं, मग त्या माणसाला विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, पाठ येत नाही म्हणून तो ओठ हलवत राहतो. आणि त्या पाण्यापाशी केवढी मोठी वचनं देतात ही माणसं! अशांना मला कळकळीनं सांगावंसं वाटतं: तुम्हाला बाळ झाल्याचा आनंद मंडळीत आणायचा आहे ना? मग उपकारस्तुती करा. ती खरी आहे, ती पुरेशी आहे, तीत खोटं बोलावं लागत नाही. आणि बाप्तिस्माच हवा असेल तर दोघं या, वर्गाला बसा, वाचनं वाचा, आणि मग मी पाणी गरम करून आणते.

दुसऱ्या बाजूलाही एक सांगायचं आहे. लहानपणी आपल्याकडे बाप्तिस्मा झालेली काही मुलं मोठी झाल्यावर कुठल्यातरी नव्या सहभागितेत, म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती गटात, जातात आणि टाकीत उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतात. पहिला खरा नव्हता म्हणतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं हे केलं तेव्हा त्याची आई माझ्यापाशी बसून रडली. तिनं सोळा वर्षं त्याला रविवारच्या शब्बाथ शाळेत हाताला धरून नेलं होतं. बाप्तिस्मा एकदाच असतो. देवानं एकदा नाव घेतलं ते घेतलं. पुन्हा मनापासून होय म्हणायचं असेल तर दृढीकरण आहे, वचनांचं नूतनीकरण आहे. उलट जे थांबले त्यांना कच्चे म्हणणंही तितकंच चूक. हे दुसरं वाक्य मी वर्षापूर्वी लिहिलं नसतं.

जानेवारीतला तो रविवार. त्याच भक्तीत एका बावीस वर्षांच्या मुलाचा बाप्तिस्मा होता. जुनं रजिस्टर चाळताना मला त्याची नोंद सापडली होती: लहानपणी आईनं त्याची उपकारस्तुतीच केली होती. तेव्हा वेगळं रजिस्टर नव्हतं, म्हणून तेव्हाच्या पाळकांनी बाप्तिस्म्याच्या पानावरच समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं. त्या उपकारस्तुतीच्या रविवारी मी हजर होते, आणि मला आठवतंय, आम्ही बायका आपसांत कुजबुजलो होतो की हिनं हे अर्धंच काय केलं. त्या मुलाच्या आईला मी आता भक्तीआधीच गाठलं आणि माफी मागितली. तिला काही आठवत नव्हतं, का आठवत नसल्याचं दाखवलं, कोण जाणे. तिनं माझा हात हातात घेतला.

तेव्हा थर्मास नेलाच मी. मोठा माणूस असला तरी जानेवारी जानेवारीच असतो.

आधी आमचं झालं. विहीणबाईंनी झबलं पाहिलं, हात फिरवला, आतल्या दुमडीवरून बोट नेलं, आणि काही न विचारता बाळाला त्यांनीच ते घातलं. मला वाटलं होतं त्या नको म्हणतील. मुलगा आणि सून पुढे गेले, आम्ही दोन्हीकडचे मागे उभे राहिलो. हन्ना आणि शमुवेलाचं वाचन झालं, मग येशूनं लेकरांना कवेत घेतलं तो शुभवर्तमानातला भाग. पाळकसाहेबांनी बाळाला घेतलं. ते जागं होतं. त्यानं पाळकांच्या गळ्यातल्या पट्ट्याचं टोक मुठीत धरलं आणि सबंध प्रार्थना होईपर्यंत सोडलं नाही. मुलानं लिहून आणलेलं चार ओळींचं वाचायला घेतलं, दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज गेला, उरलेलं सुनेनं वाचलं. 116 व्या स्तोत्रात विचारलंय ना, परमेश्वरानं केलेल्या उपकारांबद्दल मी उतराई कसा होऊ? मला जन्मभर ते पाठ आहे. त्या दिवशी माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं आणि ते नसल्याचं वाईटही वाटलं नाही.

कुंड दोन हातांवर होतं. माझी नजर तिकडे गेली, नाही म्हणत नाही.

मग तो मुलगा आला. पांढरा सदरा. आमच्याकडे टाकी नाही, म्हणून कुंडापाशी मोठी परात ठेवली होती. तो गुडघे टेकून तीवर वाकला. पाळकसाहेबांनी विचारलं, त्यानं उत्तरं दिली, प्रत्येक वेळी थोडा थांबून. मग तीन तांबे. ओंजळी नव्हेत, भरलेले तांबे, मानेवरून, कानांवरून, सदरा पाठीला चिकटला. तिसऱ्या तांब्याला विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. "पुढे वाकलाय," त्या हळूच म्हणाल्या. खरंच की. पाणी पाठीवरून मागे जाऊ नये म्हणून मीच त्याला आधी तसं बसायला सांगितलं होतं, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण बघणाऱ्याला ते डहाणूचंच दिसत होतं.

भक्तीनंतर उरलेलं पाणी मी मोरीत टाकत नाही, मागच्या डाळिंबाला घालते. विहीणबाई माझ्यामागून आल्या. त्यांनी भांडं माझ्याकडून घेतलं आणि स्वतः ओतलं.

त्यांनी उपकारस्तुतीचं दान म्हणून डहाणूहून दोन करंड्या चिकू आणले होते, पेंढ्यात घालून, एसटीनं, वाटेत गाडी बदलून. आमच्याकडे असं आलेलं पीक भक्तीनंतर पटांगणात लिलावात काढतात. पहिल्या करंडीवर बोली चढत चढत अकराशेला गेली, आणि घेणारा कोण तर तोच मुलगा, अंगावर कोरडा सदरा, केस अजून ओले. त्यानं निम्मे चिकू तिथंच शब्बाथ शाळेच्या पोरांना वाटले. दुसरी करंडी सहाशेला. पैसे छपराच्या कामाला गेले.

झबलं मी धुवून, चुण्या बसवून ठेवलंय. आतल्या दुमडीवर पंधरावं अक्षर शिवायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. सून म्हणते, "शिवा, मम्मी, पुढे साल घालू नका फक्त." विहीणबाई म्हणतात, राहू द्या, त्याचं तो शिवेल. मी पांढऱ्या दोऱ्याची सुई ओवून त्यावर टोचून ठेवली आहे.